मळ्यातली थोरली

माणिकरावांनी दुसरं लग्न केलं तेव्हा नव्या नवरीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला तो त्यांच्या पहिल्या बायकोनं. उंबऱ्यावरचं माप तिनंच भरून ठेवलं होतं आणि शेवयाही तिनंच शिजवल्या होत्या. मंजुळाबाई तिचं नाव. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पण तिच्या पोटी पोर नव्हतं. गावातल्या बायका त्या दिवशी नवरी बघायच्या सोडून तिच्याच तोंडाकडं बघत होत्या. कुणाला वाटत होतं ती चक्कर येऊन पडेल, कुणाला वाटत होतं न्हाणीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडेल. तिनं तसलं काही केलं नाही. पंगत उठल्यावर पत्रावळी गोळा केल्या, उष्टं उकिरड्यावर टाकलं, हात धुतले आणि विचारलं, "दूध कुणी इरजलं का?"

तिला स्वतःलाही त्याचं नवल वाटलं. लग्न ठरल्याचं सासूनं सांगितलं त्या दिवशी तव्यावरची एक भाकरी करपली होती, तेवढंच. नंतर जे झालं ते मांडी घालून फार वेळ बसल्यावर पायाचं होतं तसं. चिमटा काढावा, तर तो दुसऱ्याच कुणाच्या पायाला काढल्यासारखा वाटतो.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. हिंगोलीहून वाशिमला जाणाऱ्या सडकेवर कनेरगावचा नाका, नाक्याच्या पुढं पैनगंगा आणि नदी ओलांडली की वऱ्हाड. लोक अलीकडच्याला मोगलाई म्हणत आणि पलीकडच्याला इंग्रजी. माणिकरावांचा मळा नाक्यापासून कोसभर लांब, नदीच्या काठाला होता. गाव तिथून अर्ध्या कोसावर. लग्नानंतरच्या उन्हाळ्यात हळद काढायची निघाली, तेव्हा सासू म्हणाली, "थोरलीनं जावं मळ्यात. धाकटीला अजून कामाची सवय न्हाई."

थोरली गेली. हळद काढली, उकडली, वाळवली, घासून पोती भरली. पोती गाडीत घालून माणिकराव गावात गेले. तिला कुणी परत ये म्हणालं नाही आणि तिनंही येऊ का म्हणून विचारलं नाही. पाऊस तोंडावर आला तशी तिची लुगडी, घोंगडी आणि एक पितळी तांब्या एवढं गावातल्या घरातून ग्यानबाच्या डोक्यावरून आलं. ग्यानबा म्हणजे त्यांचा म्हातारा सालगडी. तो दिवसभर मोट हाकायचा आणि दिवे लागायच्या आत गावात परतायचा. गाठोडं ओट्यावर ठेवत तो म्हणाला, "मालकीणबाई, हे धाडलंय."  ती म्हणाली, "ठेव तिथं. मोटंचा नाडा झिजलाय, सांग त्यांना."

मळ्यातलं घर दोन खणांचं, माळवदाचं. पुढं ओटा, ओट्यापुढं सारवलेलं अंगण. विहिरीवरून पाट निघायचा तो आधी केळीत, मग पेरूच्या झाडांतून हळदीच्या वाफ्यांत. पाटाच्या कडेला अळू आणि कढीलिंब होता. काट्यांची कुपाटी होती, तिच्यावर पावसाळ्यात कारली आणि दोडकी चढायची. कुपाटीच्या पलीकडं हरभऱ्याचं रान, मग बाभळी आणि खाली नदी.

तिथं माणसं थोडी आणि बाकीच्यांचीच ये-जा फार. तांबडं फुटलं की नदीकडून मोर वर यायचे. एकामागं एक, पाहुणे उशिरा पोचल्यावर चालतात तसे भराभर. पेरूखाली सातभाईंचा कालवा सुरू व्हायचा. विहिरीच्या दगडांत मुंगसाचं बीळ होतं. मंजुळाबाई भांडी घासायला बसली की ते दोन पायांवर उभं राहून तिच्याकडं बघायचं आणि मग आपल्या कामाला जायचं. रताळ्यांच्या वाफ्यात सकाळी उकरलेली माती आणि एखादा काळापांढरा काटा पडलेला असला, तर समजायचं की साळिंदर येऊन गेलं. आठ-पंधरा दिवसांनी वानरांची टोळी यायची. काळ्या तोंडाची, लांब शेपटाची ती मंडळी माळवदावरून धपाधप उड्या मारत पेरूवर उतरायची, एकेक पेरू अर्धा खाऊन फेकायची. धुणं धुवायला नदीवर गेलं तर डोहात पाणमांजरं मासे खाताना दिसायची. हरभऱ्यात रोही शिरायचे, घोड्याएवढे उंच. ते निम्मं खायचे आणि निम्मं तुडवायचे.

माणिकरावांनी गोफण दिली होती, बडवायला पत्र्याचा डबा दिला होता. पहिली दोन वर्षं तिनं "हाऽऽ, हाऽऽ" करत राखण केली. मग एकेक करून ते सुटलं. वानरं आली की ती ओट्यावर जात्याजवळ बसून राहायची. झाडं हालायची, पेरू टपटप पडायचे. टोळी गेली की अर्धे खाल्लेले पेरू गोळा करून गाईपुढं टाकायचे. तिला त्यांचा राग येत नव्हता. लळा लागला होता असंही नव्हे. येत होती, जात होती.

माणिकराव आठवड्याला एकदा यायचे. तसा माणूस वाईट नव्हता. अंगानं सडसडीत, बोलायला कमी. यायचे ते विहिरीजवळ, मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्याच्या दगडावर बसायचे, ओट्यावर नाही. ती चहा न्यायची. कपबशी हातात घेऊन ते नदीकडं बघत बोलायचे.

"यंदा पेरू कमीच दिसतोय."

"वानरं खातेत."

"हाकलीत न्हाईस का?"

"हाकलते की."

ती खोटं बोलतेय हे त्यांना कळायचं. पण खरं-खोटं करायला तिच्याकडं बघावं लागलं असतं. ते बशी दगडावर ठेवून उठायचे. जाताना म्हणायचे, "काही लागलं तर ग्यानबाला सांग." तिला मीठ आणि घासलेट सोडून काही लागत नसे.

तिच्या बोलण्याला दुसरं माणूस म्हणजे नानीबाई. मळ्याच्या वरच्या अंगाला माळावर तांडा होता, तिथली ती. नवरा थावरा जनावरं राखायचा आणि थोडी जवारी पेरायचा. नानीबाई सरपणाला आली की पाणी प्यायला थांबायची. हातभर चुडे वाजवत बसायची आणि मनात येईल ते तोंडावर बोलायची.

"बाये, एकदा रड न गं. गळा काढून रड. मी बसते हितं."

"रडू यायला पायजे ना."

"काहून येत न्हाई?"

"मला काय म्हाईत, काहून येत न्हाई."

एकदा दिवाळीनंतर विहिरीत रोही पडला. सकाळची वेळ होती. ग्यानबा मोट जुंपायला गेला आणि तसाच ओरडत मागं आला. अर्धवट वाढलेली मादी होती. अंधारात हरभऱ्याकडं येताना काठ चुकली असेल. पाण्यात गोल गोल फिरत होती, नाक तेवढं वर. मंजुळाबाईनं वाकून बघितलं. खालून दोन डोळे तिच्याकडं बघत होते. ती वळली आणि लुगड्याचा ओचा खोचून सरळ तांड्याकडं निघाली. पळाली नाही, पण कुठं थांबलीही नाही. थावरा आणि आणखी दोघं सोल, म्हणजे जाड दोर, घेऊन आले, मागून नानीबाईही आली. थावरा विहिरीत उतरला, पोहत जाऊन त्यानं जनावराच्या पोटाखालून दोर घातला आणि दोराचं टोक मोटेच्या नाड्याला बांधलं. इतक्यात गावातून माणिकराव आले.

"वर काढून काय उपेग?" ते म्हणाले. "उद्या तुझाच हरभरा खाईल."

"खाईल," ती म्हणाली आणि सोल धरला. मग त्यांनीही धरला. ग्यानबानं बैल धावेच्या उतारावरून खाली हाकले, नाडा ताणला, आणि पाणी गाळत ते एवढं मोठं धूड वर आलं. चारही पाय हवेत. काठावर टेकल्यावर दोर सोडला, तर उठेचना. सगळे लांब उभे राहिले. जनावर थरथरत होतं, तोंडातून फेस येत होता. मग एकाएकी उठलं आणि कुपाटीवरून अशी उडी घेतली की कारल्याचा वाळका वेल बिनशिंगाच्या डोक्यावर घेऊनच गेलं. थावरा हसायला लागला, ग्यानबा हसला, माणिकरावही हसले. हसता हसता त्यांनी चुकून मंजुळाबाईकडं बघितलं आणि हसू आवरून टाकलं.

तिच्या हातांची साल निघाली होती. नानीबाईनं हळद दाबली. "दुखून राहिलं का?"

"दुखत असंल," मंजुळाबाई म्हणाली.

गावात धाकटीला, शालूबाईला, मुलगी झाली. बारशाला थोरलीला बोलावणं आलं. ती गेली, ओटीत पोर घेऊन बसली. पोरीचं वजन मांडीला कळलं, डोक्याचा तेलकट वास आला. सगळ्या बायका पुन्हा तिच्या तोंडाकडं बघत होत्या. तिनं पोर परत दिलं, घुगऱ्या पदरात घेतल्या आणि ऊन उतरायच्या आत मळ्यात आली. पुढं काही वर्षांनी मुलगा झाला, तेव्हाही तसंच. मधे सासू वारली. तेव्हा मात्र मंजुळाबाई चार दिवस गावातल्या घरी राहिली. शालूबाई तिला "अक्का" म्हणायची आणि तिच्यापुढं पदर सावरून उभी राहायची, जणू काही तीच सासू.

मग सत्तेचाळीस साल आलं. नदीच्या पलीकडं झेंडा लागला, अलीकडं लागला नाही. वर्ष सरता सरता रझाकारीची भाषा कानावर यायला लागली. आज या गावात जाळपोळ झाली, उद्या त्या गावावर येणार आहेत. खरं किती आणि ऐकीव किती, कुणाला सांगता येत नव्हतं. सडकेवर नाका होता, म्हणून लोक सडक सोडून रानातून नदीकडं जायला लागले. त्यांची वाट मंजुळाबाईच्या मळ्यावरून होती. भर दुपारी डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं अशी माणसं कुपाटीशी थांबायची. ती रांजणातलं पाणी द्यायची. कुणी विचारायचं, "बाई, तुमी न्हाई निघाल्या?" ती म्हणायची, "बघू."

वैशाखात एके दिवशी सकाळीच माणिकरावांची बैलगाडी मळ्यात आली. गाडीत धान्याची पोती, भांडी, शालूबाई आणि दोन्ही लेकरं. ग्यानबा आणि त्याची बायको मागून चालत होते. माणिकराव या खेपेला थारोळ्यावर बसले नाहीत. सरळ ओट्यापाशी आले.

"गाव निघालं समदं," ते म्हणाले. "वाशिमकडं शालूच्या भावाकडं जाऊन राहू चार महिने. तूबी चल."

मंजुळाबाई भाकरी थापत होती. सहा जणांना पुरतील एवढ्या भाकरी करायच्या म्हणून तिनं पीठ आणखी ओढलं. "तुमी आधी खाऊन घ्या," ती म्हणाली.

सगळे जेवले. शालूबाईनं निम्मी भाकरी मुलाला भरवली. ती सारखी नदीकडं बघत होती. मुलगी पेरूच्या झाडाकडं बघत होती. वर एकच वानर बसलेलं होतं, ते तिला दात दाखवत होतं. उरलेल्या भाकरी फडक्यात बांधून मंजुळाबाईनं शालूबाईच्या हातात दिल्या, वर कांदे घातले.

"अक्का, तुमचं गाठोडं?" शालूबाईनं विचारलं.

"मी हाय हितंच."

"येडी हायेस का?" माणिकराव म्हणाले. इतक्या वर्षांत ते तिच्यावर पहिल्यांदाच आवाज चढवून बोलले. "हितं कुणी ऱ्हानार न्हाई. तुला कुणी कापून टाकलं तरी कळायचं न्हाई कुणाला."

तिनं त्यावर विचार केला. खरोखर केला. आपल्याला भीती वाटतेय का हे बघायला आत डोकावावं तसं बघितलं, पण तिथं काही सापडलं नाही. शूरपणा म्हणावा असंही काही नव्हतं. नदी ओलांडायची, दुसऱ्याच्या घरात राहायचं, शालूबाईच्या माहेरच्यांना आपण कोण ते सांगायचं, एवढं सगळं करायला अंगातून काही उठतच नव्हतं.

"गाय व्यायला झालीय," ती म्हणाली. "तुमी निघा. ऊन चढतंय."

 माणिकरावांनी डोक्याचा पटका काढून पुन्हा बांधला. मग म्हणाले, "मी... तुला हितं ठिवलं ते..." आणि तिथंच थांबले. तिनं वाट बघितली नाही. ती मुलीच्या पायात रुतलेला सराटा काढायला वाकली. गाडी नदीत उतरली. पाणी घोट्याएवढंच होतं. पलीकडच्या काठावर चढताना बैल अडले, ग्यानबानं चाकाला खांदा लावला, आणि गाडी बाभळीआड गेली.

बैल गेले तशी मोट बंद झाली. मंजुळाबाई घागरीनं पाणी शेंदायची. ते तिला, गाईला आणि थोड्या वांग्यांना पुरायचं. केळी आधी पिवळी पडली, मग पानं फाटून खाली लोंबायला लागली. हळदीचं बेणं सावलीत ठेवलं होतं, ते लावायला बैल नव्हते, माणूस नव्हता. वरचा तांडाही जनावरं घेऊन लांब डोंगराकडं सरकला. नानीबाई तेवढी अधूनमधून येऊन जायची आणि जाताना तिला शिव्या घालायची.

माणसांची वर्दळ थांबली हे जनावरांना आठ दिवसांतच कळलं. रोही आता दुपारच्या उजेडात यायचे आणि पाटाच्या वाळलेल्या मातीत उभे राहायचे. थारोळ्यात ती गाईसाठी पाणी ओतायची, ते मोर प्यायचे, पाठोपाठ मुंगूस यायचं. कोल्हं कुपाटीच्या भोकातून येऊन अंगणात खुशाल बसायचं. आषाढात पाऊस लागला तेव्हा एक लांडोर पिल्लं घेऊन ओट्याच्या कडेला पावसापासून आडोशाला उभी राहिली. मंजुळाबाई आत चुलीपुढं होती. मधे उंबरा. दोघी एकमेकींकडं बघत होत्या आणि पाऊस पडत होता. गाईला वासरू झालं होतं, खरवस खायला कुणी नव्हतं. तिनं एकटीनं खाल्ला. गोड होता.

एक दिवस सहा-सात माणसं आली. खांद्याला बंदुका होत्या, दोघांकडं नुसत्या काठ्या. कुणाची माणसं होती, कुणी पाठवली होती, तिनं विचारलं नाही आणि पुढंही तिला कळलं नाही. त्यांतला एक पुढं झाला.

"पानी मिलेगा, बाई?"

तिनं दिलं. ते प्यायले. एकानं घरात जाऊन जवारीचं पोतं बाहेर ओढलं, दुसऱ्यानं गाईचं दावं सोडलं. वासरू मागं धावलं. पहिल्यानं विचारलं, "घर के लोग किधर गए?"

"गेले."

"किधर गए, पूछ रहा हूँ."

"मला म्हाईत न्हाई."

त्यानं रांजणाला लाथ मारली. रांजण फुटला, पाणी अंगणभर झालं. त्यांच्यात एक पिकल्या दाढीचा होता, तो मघापासून तिच्याकडं बघत होता. तो म्हणाला, "अकेली रहती है? डर नहीं लगता?"

"न्हाई," ती म्हणाली. जे होतं ते तिनं सांगितलं. म्हाताऱ्यानं मान वळवली आणि बाकीच्यांना म्हणाला, "चलो, चलो." गाय, वासरू आणि पोतं घेऊन ते गेले. तिनं खापऱ्या गोळा केल्या. मग घागर घेऊन विहिरीवर पाणी शेंदायला गेली.  

गणपतीच्या मागोमाग फौज आली आणि निजामाचं राज्य गेलं. हे तिला सांगितलं ते तांड्याबरोबर माळावर परतलेल्या नानीबाईनं. "मोगलाई बुडाली गं," ती हात उडवत म्हणाली. "आता येतील तुझी माणसं."

नदीचं पाणी उतरायला आश्विन उजाडला. मंजुळाबाई कुपाटीला नवे काटे लावत होती. पलीकडून ग्यानबा आणि त्याची बायको येताना दिसली. त्यांच्या मागं शालूबाई, कडेवर मुलगा, हाताशी मुलगी. बैलगाडी नव्हती. शालूबाईच्या कपाळावर कुंकू नव्हतं. हात मोकळे होते. जवळ येईपर्यंत मंजुळाबाईला सगळं कळलं होतं, तरी ती हातातला काटा कुपाटीत नीट बसवून मगच वळली.

"गेले अक्का," शालूबाई म्हणाली आणि तिच्या गळ्यात पडून ओरडून रडली. पटकीची साथ आली होती. पहाटे उलट्या सुरू झाल्या, दिवस मावळायच्या आत संपलं. नागपंचमीचा आदला दिवस. नदीला पूर होता, अलीकडं निरोप धाडायला माणूस मिळाला नाही. बैल विकून भाऊबंदांनी दिवस घातले.

मंजुळाबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. तेवढा वेळ ती आठवून बघत होती, नागपंचमीच्या आदल्या दिवशी आपण काय करत होतो. त्या दिवशी तिनं कुंकू लावलं असणार, भाकरी खाल्ली असणार. मोर आले असतील. पण तो दिवस काही केल्या इतर दिवसांतून वेगळा निघेना.

"जेवलात का?" तिनं विचारलं.

सगळ्यांना घालून झाल्यावर ती पाण्यानं कपाळ धुऊन आली. बांगड्या मनगटातून एकेक सोडवून कोनाड्यात ठेवायला लागली. शालूबाई म्हणाली, "अक्का, फोडायच्या असतेत."

"चांगल्या हायेत की. पोरीला व्हतील."

गावातल्या घराचं दार कुणी तरी काढून नेलं होतं, निम्मं माळवद पावसात खाली आलं होतं. ग्यानबा आणि त्याची बायको गावातलं आपलं पडकं घर सावरायला गेले, शालूबाई मळ्यातच थांबली. तिला तिथलं काहीच माहीत नव्हतं. वानरं माळवदावर उतरली की ती लेकरांना घेऊन घरात जाऊन कडी लावायची. पहिल्यांदा मुंगूस पायाजवळून गेलं तेव्हा हातातली कळशी टाकून दिली. मंजुळाबाई सांगायची, "काही करत न्हाई ते. तू तुझं काम कर." मुलगी मात्र दोन दिवसांत रुळली. मोरांच्या मागून नदीपर्यंत जायची आणि धापा टाकत परत येऊन मोर कुठं कुठं गेले ते सांगायची.  मंजुळाबाई नुसती "व्हय का" म्हणायची. पोरीला तेवढं पुरायचं.

दिवाळीच्या आधी शालूबाईचा भाऊ व्यंकटराव गाडी घेऊन न्यायला आला. भला माणूस होता. अंगणात उभं राहून म्हणाला, "ताई, चल आता. लेकरं शिकतील, खातील-पितील. हितं काय हाय? वाळलेली केळ आन् माकडं."

शालूबाईनं मुलाला कडेवरून खाली ठेवलं. मग मंजुळाबाईकडं वळली. "अक्का, जाऊ का मी?"

मंजुळाबाई शेंगा निवडत होती. तिचे हात थांबले. आजवर तिला लोकांनी सांगितलं होतं, कळवलं होतं, गाठोडं धाडलं होतं. असं विचारलं कुणी नव्हतं. 'तुझी मर्जी' म्हणावं म्हणून तिनं तोंड उघडलं, आणि निघालं ते वेगळंच.

"राहा."

व्यंकटरावाला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "काय म्हनल्या?"

"राहा म्हनलं तिला."

"काहून?" तो चकित होऊन म्हणाला. "राग धरू नका, पन तुमची ती सवत. तुमाला तिचं काय?"

 मंजुळाबाईनं पुन्हा एकदा आपल्या आत बघितलं. ठळक असं काही तिथं नव्हतं. माया नव्हती, राग नव्हता. पण निघालेला शब्द मागं घ्यावा असंही वाटत नव्हतं, आणि हे तिला नवं होतं. ती शेंगांचं सूप घेऊन उठली. "दोघी मिळून हरभरा पेरू," ती म्हणाली. "थावराचे बैल मागू."

शालूबाई भावाला म्हणाली, "दादा, तू जेवून जा."

व्यंकटराव जेवला. जाताना त्याच्या गाडीत मंजुळाबाईनं पेरूंची पाटी ठेवली. त्यातले चांगले पेरू वर होते. गाडी नदीपलीकडं जाईपर्यंत शालूबाई कुपाटीशी उभी होती. परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

"अक्का, चूल एकच ठिवायची का दोन मांडायच्या?"

"उद्याचं पीठ न्हाई," मंजुळाबाई म्हणाली. "आधी दळायला बस."

दोघी जात्याला समोरासमोर बसल्या. गावातल्या घरी दळायला बाई होती, त्यामुळं शालूबाईला खुंटा नीट धरता येत नव्हता. ती मधेच जोर लावायची, मधेच सोडून द्यायची. मंजुळाबाईनं दोन-तीनदा सांगितलं, मग सांगायचं सोडलं आणि आपणच तिच्या चालीनं ओढायला लागली. पीठ भरड आलं. सकाळी एकाच चुलीपुढं भाकरी थापताना कडा चिरत होत्या.